मांसाचे दारिद्र्य

आमच्या आप्पांच्या उजव्या दंडाला काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा ताईत असे. दोरा जाड, पीळदार, त्यांनी स्वतः वळलेला. आप्पा सोलापूरच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. मी लहान असताना तो दोरा त्यांच्या दंडात रुतलेला असे आणि त्याच्या वरखाली मांस फुगलेले दिसे. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा आप्पा पंचावन्न वर्षांचे होते. पुढे केव्हातरी ताईत कोपराकडे घसरू लागला. आईने दोऱ्याला गाठ मारून तो आखूड केला. तीन-चार वर्षांनी दुसरी गाठ आली. २०१३ साली आप्पा गेले तेव्हा मी ताईत काढून घेतला. दोऱ्याला पाच गाठी होत्या. त्या सोडवून दोरा सरळ केला आणि पट्टी लावली. पहिल्या गाठीआधीचा वेढा एकतीस सेंटिमीटरचा होता, शेवटचा साडेतेवीसचा.

शेवटची दोन वर्षे आप्पा अंथरुणाला खिळून होते. घरी तपासायला येणारे डॉक्टर म्हणत, ‘वयोमानानुसार असं होतंच.’ आम्हीही तेच म्हणत होतो. मी बी.कॉम. झालेला, सहकारी बँकेत कारकुनी केलेला माणूस. जीवशास्त्र शाळेत शिकलो तेवढेच. पण खात्यात नोंद चुकीची पडली की बँकेतल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. साडेसात सेंटिमीटर दंड गेला. तो सगळा वयाच्या नावे टाकणे बरोबर आहे का, हा प्रश्न मला पडला. गेली बारा वर्षे सुट्टीचे दिवस त्यातच गेले. या लेखात त्या शोधाचा इतिहास आहे, आणि थोडा माझ्या गावाचाही.

नाव उशिरा मिळालेला आजार

म्हातारपणी मांस झडते हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. आपल्याकडे चरकसंहितेत धातुक्षयाची लक्षणे सांगताना मांसक्षयाची वेगळी नोंद आहे. कुल्ले, मान आणि पोट सुकत जाते असे तिथे म्हटले आहे. विलायतेत मॅकडोनल्ड क्रिचली या मेंदूविकारतज्ज्ञाने १९३१ साली ‘लॅन्सेट’मध्ये वृद्धांच्या हातापायांचे स्नायू रोडावतात असे लिहिले. पण ही सारी निरीक्षणे केस पिकण्याच्या नोंदीसारखी राहिली. ज्याला नाव नाही त्याचा तपासही होत नाही.

नाव मिळाले ते १९८८ साली. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की येथे वृद्धांच्या आहाराविषयी एक बैठक भरली होती. आयर्विन रोझेनबर्ग या वैद्यकशास्त्रज्ञाने तिथे सांगितले की वयाबरोबर शरीरात जी घट होते त्यात मांस कमी होण्याइतकी मोठी घट दुसरी नाही, आणि तिला नाव दिल्याशिवाय तिच्याकडे कोणी लक्ष देणार नाही. त्याने ग्रीकमधून शब्द घडवला: सार्कोपेनिया. ‘सार्क्स’ म्हणजे मांस. ‘पेनिया’चा अर्थ पुस्तके ‘कमतरता’ असा देतात, पण जुन्या ग्रीकमध्ये तो दारिद्र्याचा शब्द आहे. ‘मांसाचे दारिद्र्य’ असे भाषांतर मी वहीत लिहिले, आणि मला आप्पांच्या आधीचे सोलापूर आठवले. आमच्याकडे हे दारिद्र्य म्हातारपणाची वाट बघत थांबत नव्हते.

एक पौंड धान्य

सोलापूरची पहिली मोठी कापडगिरणी, जिला गाव आजही ‘जुनी गिरणी’ म्हणते, १८७७ साली सुरू झाली. तोच काळ दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. सरकारने खडी फोडण्याची, तळी खोदण्याची कामे काढली. कामावर येणाऱ्याला मजुरी किती द्यायची हा तेव्हा वादाचा प्रश्न झाला.

हिंदुस्थान सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले होते. १८७७ च्या आरंभी त्यांनी असे ठरवले की धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर भागावे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ज्वारीचा हिशेब केला तर सुमारे सोळाशे कॅलरी होतात. दिवसभर खडी फोडणाऱ्याला याच्या दुप्पट लागतात. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला; एवढ्यावर श्रम करणारे शरीर टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इकडे मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली, आणि मजुरी घटवल्यावर हजारो लोक कामे सोडून निघून गेले. मद्रासेत सरकारला पुढे मजुरी वाढवावी लागली.

या वादात एक गोष्ट कोणी मोजली नव्हती. धान्य कमी पडले की शरीर आधी चरबी आणि मग स्वतःचे मांस मोडून खाते. खडीच्या ढिगाचे माप रोज घेतले जाई; तो फोडणाऱ्या हाताचे माप घ्यावे असे कोणाच्या मनात आले नाही. ते मोजता येत नव्हते अशातला भाग नाही. हाताच्या पकडीची ताकद मोजणारा डायनॅमोमीटर पॅरिसच्या रेग्निए नावाच्या कारागिराने १७९८ सालीच बनवला होता. दोन वर्षांत तो ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या फ्रेंच जहाजावर चढला. फ्रांस्वा पेराँ या निसर्ग अभ्यासकाने त्यावर तस्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोरच्या माणसांचे हात मोजले आणि ‘रानटी’ माणूस युरोपियनापेक्षा दुबळा असतो, असा निष्कर्ष काढला. मोजलेली माणसे काय खात होती, याचा विचार त्या निष्कर्षात नव्हता.

गिरण्यांचा इतिहासही याच वळणाचा आहे. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीत पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा, १९४८ ला नऊ. हे तास लढून मिळाले आहेत. गावातल्या विणकरांचे आणि गिरणी कामगारांचे चांगले अभ्यासही झाले. पुण्याच्या गोखले संस्थेने १९४७ साली सोलापूरच्या विणकर समाजांवर रा. गो. काकडे यांचे पुस्तक काढले. पुढे १९६५ साली धनंजयराव गाडगीळांचे सोलापूर शहरावरचे पुस्तक आले. माग, मजुरी, कर्ज, घरे यांचा बारकाईने घेतलेला हिशेब त्यांत सापडतो. पण तो काम करणाऱ्या माणसाचा हिशेब आहे. काम संपल्यावर त्याच्या अंगात काय उरले हा प्रश्न त्या काळाचा नव्हता. भोंगा थांबला की नोंद संपायची.

सूत आणि दाणा

शास्त्राच्या बाजूने हा शोध पेशीच्या आत गेला. रिचर्ड आल्टमान या जर्मन शास्त्रज्ञाला १८९० साली पेशींमध्ये बारीक कण दिसले. त्याला ते पेशीत वस्ती करून राहिलेले जीवच वाटले. १८९८ साली कार्ल बेंडाने पाहिले की हे कण कधी दोऱ्यासारखे लांब तर कधी दाण्यासारखे गोल दिसतात. त्याने दोन ग्रीक शब्द जोडले: ‘मिटोस’ म्हणजे सूत आणि ‘कॉन्ड्रोस’ म्हणजे दाणा. मायटोकॉन्ड्रिया हे नाव असे जन्माला आले. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला तंतुकणिका म्हणतात, ते याच अर्थाने. त्यातही ‘मिटोस’ हा ग्रीक विणकरांचा शब्द. मागावर ताण्याच्या धाग्याला ते मिटोस म्हणत. सूत आणि ज्वारीचा दाणा यांवर उभ्या राहिलेल्या गावातल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

हे सूतदाणे काय करतात हे कळायला अर्धे शतक गेले, आणि त्या वाटेवर एक तेलुगू माणूस भेटतो. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली भीमवरमला झाला. मद्रासेत वैद्यकी शिकून १९२३ साली ते बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करताना १९२७ साली त्यांना स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन सापडले. स्नायू लॅक्टिक आम्लावर चालतो या मताला तेव्हा नुकतेच नोबेल मिळाले होते. या शोधाने ते डळमळले. १९२९ साली फिस्क-सुब्बाराव जोडीने स्नायूतून एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे मिळाले. सुब्बाराव १९४८ साली अमेरिकेतच वारले. हत्तीरोगावरचे हेट्राझान हे औषधही त्यांच्याच देखरेखीखालच्या संशोधनातून आले. आमच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरांतून तेलुगू कानावर पडते. तिथल्या किती मुलांना हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

एटीपी म्हणजे शरीराची रोजंदारी. बोट हलवायचे तरी ते खर्चावे लागते, आणि साठवून ठेवता येत नाही. माणूस दिवसभरात जवळपास आपल्या वजनाइतके एटीपी घडवतो आणि मोडतो, पण कोणत्याही क्षणी अंगात ते पावशेरही नसते. १९४८-४९ च्या सुमारास युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवले की अन्नातून ही कमाई करण्याचे काम मायटोकॉन्ड्रियांत चालते. १९६१ साली पीटर मिचेल यांनी त्याची युक्ती सांगितली: पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवायचे आणि धरणाच्या दारातून पाणी सोडावे तसे ते सोडून एटीपी घडवायचे. आधी त्यांना कोणी मानले नाही. १९७८ साली नोबेल मिळाले.

धागा कुठे बारीक होतो

वय आणि मायटोकॉन्ड्रिया यांची सांगड डेन्हॅम हार्मन यांनी घातली. १९५६ साली त्यांनी मांडले की ऑक्सिजनचा वापर होताना जे उपद्रवी रेणू तयार होतात तेच शरीराला झिजवतात. १९७२ साली ते आणखी पुढे गेले: हे रेणू मुख्यतः मायटोकॉन्ड्रियातच निघतात, म्हणून आयुष्याचे घड्याळही तिथेच असावे. हार्मन यांचे म्हणणे जसेच्या तसे टिकले नाही, पण त्यामुळे लोक योग्य ठिकाणी पाहू लागले.

मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो जवळजवळ पूर्णपणे आईकडूनच येतो. १९८१ साली केंब्रिजमध्ये तो सबंध वाचला गेला: १६,५६९ अक्षरे, ३७ जनुके. वर्षानुवर्षे त्याच्या नकला होत राहतात आणि काही नकलांमधून मोठे तुकडे गळतात. २००१ साली अमेरिकेतल्या जोनाथन वानागट, जड एकेन आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांचे स्नायू घेतले आणि एकेका तंतूचे लांबीभर बारीक काप पाहिले. जिथे असा फाटका डीएनए साचला होता, नेमका तिथेच तंतू बारीक झाला होता. काही ठिकाणी चिरलाही होता. बाकी तंतू ठीक, मधलीच एक जागा कच्ची. विणकराला हे चित्र समजवावे लागत नाही. सूत तुटते ते सगळीकडून झिजून तुटत नाही. जिथे बारीक असेल तिथे तुटते.

२००४ साली स्वीडनमध्ये अलेक्झांड्रा ट्रिफुनोविच आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या मायटोकॉन्ड्रियातला नकलनवीसच चुका करणारा होता. ते उंदीर अकाली म्हातारे झाले: केस गळाले, पाठीला बाक आला, वजन घटले. चुका साचल्या की म्हातारपण येते, हे एवढ्यावरून दिसले. मांस झडण्याला इतरही कारणे आहेत. स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जापेशी वयाबरोबर कमी होतात, संप्रेरके घटतात. पण समजा हे सगळे वयानेच होते, तर मग आमच्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर ठरले असते आणि मी वही मिटून ठेवली असती.

वही मिटली नाही, कारण याच इतिहासाला दुसरा धागा आहे. १९६७ साली सेंट लुईसमध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवले आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची कामाची क्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे दाखवले. म्हणजे हे सूतदाणे जन्माला येताना मोजून मिळालेले नसतात. काम मागितले की वाढतात. २०११ साली कॅनडात मार्क टार्नोपोल्स्की यांच्या गटाने त्या अकाली म्हाताऱ्या होणाऱ्या जातीच्याच उंदरांना पाच महिने व्यायाम दिला. बसून राहिलेले उंदीर झिजले आणि पळालेले बऱ्याच अंशी वाचले. दोघांचा जन्मजात दोष एकच होता.

माणसांचा पुरावा याहून जुना आहे. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फिआतारोन यांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. नऊ जणांनी ते पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीचे मांस नऊ टक्क्यांनी. नव्वदीच्या माणसांचे मांस भरून आले.

चुकलेली नोंद

आता मला माझे सांगितले पाहिजे.

गिरणी सुटल्यावर आप्पा ओळखीच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यावर जाऊ लागले होते. टॉवेलच्या गाठी उचलणे, बीम चढवायला हात लावणे अशी कामे. मी बँकेत कायम झालो होतो. बापाने आता दुसऱ्याच्या दारात गाठी उचलाव्यात याची मला लाज वाटे. एका दिवाळीत मी म्हणालो, ‘आप्पा, लई झालं. आता बसून खावा की.’ ते म्हणाले, ‘माग थांबला की गंजतोय बघ.’ मी हसलो. माझ्या हट्टापुढे त्यांनी काम सोडले. ताईताची दुसरी गाठ त्यानंतरची आहे.

२०११ च्या पावसाळ्यात ते मोरीत घसरले. हाड मोडले नव्हते. तरी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि आम्ही ती मन लावून दिली: आठ आठवडे खाटेवर, हातात पाण्याचा पेला, खायला मऊ भात आणि वरणाचे पाणी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पचायला जड म्हणून बंद केली. त्यानंतर आप्पा आधाराशिवाय कधी उठले नाहीत.

नंतर मी जे वाचले ते असे. २००७ साली अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवले गेले. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस गेले. आम्ही आप्पांना छप्पन्न दिवस झोपवले होते. ज्या वयात माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, तेव्हा आम्ही त्यांना वरणाचे पाणी पाजत होतो. हे सगळे आम्ही वयाच्या खात्यावर टाकले. चूक कोणा एकाची म्हणता येणार नाही, पण ‘बसून खावा’ हे शब्द माझेच होते.

याच्याही मागे जायला हवे, कारण माणूस म्हातारपणात किती मांस घेऊन शिरतो हे फार आधी ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत नव्वदच्या दशकात गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. २००३ साली त्यांनी तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. पण कमी होते ते प्रामुख्याने मांस. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. त्यांनी याला सडपातळ पण चरबीयुक्त बाळ म्हटले. भूक पिढ्या ओलांडते ती अशी. १८७७ ची भूक थेट या बाळांपर्यंत पोचली, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. पण ज्या जमिनीत मांसाची पुंजी जन्मापासूनच थोडी, तिथे म्हातारपणी होणारा खर्च जास्त जाणवणार, हे कारकुनालाही कळते.

आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली या आजाराचे सोपे निकष दिले आहेत. पोटरीचा घेर पुरुषाचा ३४ आणि बाईचा ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तपासणी करावी. पकड अनुक्रमे २८ आणि १८ किलोच्या खाली असेल, किंवा खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला बारा सेकंद वा अधिक लागत असतील, तर संशय धरावा. यासाठी मोठे यंत्र लागत नाही; शिंप्याची टेप आणि खुर्ची पुरते.

मी आता दर रविवारी टेप घेऊन आमच्या भागातल्या निवृत्त विणकरांकडे आणि विड्या वळणाऱ्या बायकांकडे जातो. विडीचे काम करणाऱ्या बाईची बोटे दिवसभर चालतात आणि पाय मांडी घालून दिवसभर मिटलेले असतात. तिच्या पोटऱ्या सुताच्या कांडीसारख्या बारीक झालेल्या मी पाहिल्या आहेत. मी त्यांना खुर्चीवरून उठून बसायला लावतो, भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि डाळ सोडू नका म्हणतो. परवा एक आजोबा म्हणाले, ‘साहेब, डाळ खावा म्हणताय, पण पेन्शन किती हाय इचारा की.’ गिरणी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. मी टेप गुंडाळून ठेवली. टेंपलसाहेबांचा एक पौंड मला तेव्हा आठवला.

घरी आल्यावर मी माझी पोटरी मोजली. ३३ सेंटिमीटर आणि थोडी वर. मी छप्पन्न वर्षांचा आहे. आप्पांचा ताईत मी दंडात बांधला आहे. दोरा नवा आहे, त्यांच्यासारखाच घरी वळलेला. त्यांचा जुना दोरा मात्र वहीत चिकटवून ठेवला आहे, पाच गाठींच्या खुणांसह. प्रत्येक खुणेसमोर साल लिहिले आहे आणि त्या साली घरात काय झाले तेही. दुसऱ्या खुणेसमोर ‘वय’ असे पूर्वी लिहिले होते. ते खोडून तिथे मी माझे नाव लिहिले आहे.